पाटीवरचं पापलेट

दुबईच्या बर दुबई भागात दुकानांच्या पाट्या रंगवणारे ते चाचा रत्नागिरीकडचे. त्यांच्याकडे रंगांना नावं नव्हती, मासळी होती. निळा म्हणजे बांगड्याच्या पाठीचा, काळा म्हणजे हलव्याचा. गुलाबी मागितला की "सोललेली कोलंबी, खलास!" म्हणून डबा उघडायचे.

नव्वदच्या दशकात मी तिथे एका ट्रॅव्हल एजन्सीत होतो. मालकांनी थायलंडमधल्या एका किनाऱ्याची टूर काढली. उडी मारणारा मासा हे तिथल्या गावाचं बोधचिन्ह. तोच पाटीवर हवा होता. चाचांनी माहितीपत्रकातलं चित्र डोळ्यांजवळ धरलं, जवळजवळ हुंगलंच. "भाऊ, हा ताजा वाटत नाही. माझ्यावर सोडा."

दुपारपर्यंत पाटी झाली. लाटेवर झेपावणारं टपोरं पापलेट बघून मालक खूश झाले. मी मात्र गार पडलो. त्याच्या अंगावर तीन तिरक्या चिरा होत्या, तळण्याआधी मसाला मुरावा म्हणून देतात तशा.

"चाचा, हा जिवंत मासा आहे!"

"मग पाटीवर कशाला?" पण बिचारे शिडीवर चढले. चिरा बुजवल्या, खाली उतरले आणि बराच वेळ वर बघत राहिले. मग मालकांना गंभीरपणे म्हणाले, "सेठ, अब मसाला अंदर नहीं जाएगा."

जन्मात अंड्यालाही न शिवलेले आमचे मालक पाटीकडे बघून काळजीत पडले.

"फिर अब?"