गोळीऐवजी कारले

माझे वडील देवबागला मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. होडी त्यांच्या हुकमाने चालायची. साठ सालाच्या आगेमागे त्यांना सारखी तहान लागू लागली, अंगातली ताकद गेली. मालवणच्या डॉक्टरांनी त्यांची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात उकळून पाहिली. ती विटेसारखी लाल झाली. मधुमेह निघाला.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय आई रोज सकाळी परसातले कारले ठेचून अर्धी वाटी रस द्यायची. तापातून उठलेल्याच्या तोंडाला चव यावी म्हणून आमच्याकडे कारले करतच. पोटुशी बाईला मात्र आई ते कधी वाढत नसे. तिने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "कारल्याने साखर थोडीफार उतरते. द्या, पण बेताने. गोळी घेऊन उपाशी असताना रस प्यायले तर चक्कर येईल. आणि गोळी मात्र सोडायची नाही."

पुढच्या खेपेला नळीत हिरवट रंग आला, म्हणजे साखर उतरली होती. वडील खूश होऊन घरी आले.

"गोळयेन माझा पोट बिघडता," ते आईला म्हणाले. "कारल्यानच गुण इलो. आता गोळी नको."

"डॉक्टर काय म्हणाले, आठवता मां?"

"कडू पितंय तो मी. माका कळता."

त्यांनी गोळी सोडली. पावसाळा सरल्यावर खाडीत होडी ढकलताना त्यांच्या पायाला कालवाची धारदार शिंप कापली. जखम दुखेना, म्हणून त्यांनी हळद भरली आणि ते समुद्रावर जात राहिले. मधुमेहाने पाय बधिर झाला होता; न दुखणे हेच वाईट होते, ते आम्हाला फार उशिरा कळले. बोटे काळी पडली, वास येऊ लागला. घाबरून आईने रस वाढवला, तर त्यांना जुलाब लागले.

शेवटी फोंडाघाट चढून मोटारीने त्यांना कोल्हापूरला नेले. आईबरोबर मी गेले होते. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "होडयेर आता कोण जातलो?"

आईने त्यांच्या तोंडाला पाणी लावले.

होडी काकांनी चालवायला घेतली. वडील गोळ्या न चुकता घेऊ लागले आणि दिवसभर ओटीवर बसून राहिले. दुपारी किनाऱ्यावर होडी ओढणाऱ्यांचा गलका झाला की ते आत सरकत आणि आईला सांगत, "दार लाव गो."

आई दार लावायची. मग भरदुपारी आम्ही अंधारात जेवायला बसायचो.