पृथ्वीवरचं ठिगळ

कारध्याच्या पुलाजवळचे सायकल दुरुस्तीवाले काका पंक्चर काढता काढता रेडिओवर ऐकलेलं जग सांगत. "बाई, पॅरिसचा तो मनोरा उन्हाळ्यात वीतभर वाढते. लोखंडच ना ते!" स्वतः ते नागपूरलाही गेले नव्हते.

आमच्या शाळेतला पृथ्वीगोल फिरताना अडकू लागला, म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी आसाला तेल दिलं, गोल गरगर फिरवून पाहिला अन् विचारलं, "आपलं कारधा कुठी हाये याच्यात?"

"एवढं लहान गाव दाखवत नाहीत, काका."

त्यांनी ट्यूबचा बारीक तुकडा कापला, सोल्युशन लावलं आणि नागपूरशेजारी दाबून चिकटवला. "आता हाये."

तेव्हा मी चिडले होते. पण अजूनही गोल फिरवला, की मुलांचं बोट आधी आमच्याच गावावर अडखळतं.