बोकिलांचं शिंग

शकुन गद्रे यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी वास येतो, जळक्या केसांसारखा. शिंग कापलं, घासलं की तो येतोच. शेजारच्या घोषबाबूंनी एकदा तक्रारही केली होती. शकुनताईंनी त्यांना आत बोलावून काम दाखवलं, तेव्हापासून ते नाकाला रुमाल लावून येतात, पण येतात.

त्या कोलकात्याला आल्या १९९४ साली. नवरा दिलीपराव रेल्वेच्या गार्डन रीचच्या कार्यालयात बदलून आले होते. पुढे निवृत्तीनंतरही दोघं तिथेच भाड्याच्या घरात राहिली. मुलगी चैत्राली सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करते. तिचं मराठी जरा अडखळतच चालतं.

शिंगांचा नाद लागला तो बराकपूरला, दिलीपरावांच्या एका सहकाऱ्याच्या घरी. भिंतीवर कसर लागलेलं, तडकलेलं एक शिंग टांगलेलं होतं. ठासणीच्या बंदुकीची दारू कोरडी राहावी म्हणून शिपाई कमरेला लटकवत, त्यातलं. घरमालक ते टाकून द्यायच्या बेतात होते. शकुनताईंनी ते मागून घेतलं. लग्नाआधी त्या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, हात शिवशिवायचाच. पण शिंग म्हणजे कागद नव्हे. मेटियाब्रुझच्या वाटेवर एका बोळात निमाईबाबू नावाचे म्हातारे कारागीर म्हशीच्या शिंगाच्या फण्या करायचे. त्यांच्याकडे त्या तीन वर्षं गेल्या. गरम पाण्यात शिंग मऊ कसं करायचं, काचेच्या तुकड्याने कसं खरवडायचं, तडा शिंगाच्याच भुकटीने कसा भरायचा, कोरलेल्या रेघेत तेलात कालवलेली काजळी कशी चोळायची, सगळं त्यांनी शिकवलं. "घाई केलीस तर शिंग रागावतं," ते बंगालीत म्हणायचे.

त्या दिवसांत अरुण परचुरे घरी यायला लागले. दिलीपरावांचे मित्र, महाराष्ट्र मंडळातले. खासगी कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी शस्त्रं जमवायचा छंद धरला होता. कुठून कुठून मोडकी बारुदाची शिंगं आणायचे आणि "वहिनी, याला जीव लावा" म्हणून ठेवून जायचे. अशी नऊ वर्षं गेली. शकुनताईंचा एक नेम होता. प्रत्येक शिंगाबरोबर एक कागद द्यायच्या: यातलं जुनं काय, नवं बूच कुठलं, कुठली नक्षी पुसली होती आणि आपण पुन्हा कोरली. त्याची नक्कल स्वतःच्या वहीत.

एक दिवस अरुणराव कोरं शिंग घेऊन आले.

"वहिनी, आजवर दुसऱ्यांचंच नीट केलंत. यावर तुमच्या मनाचं कोरा. माझ्या दिवाणखान्यात लावतो."

असं त्यांना आजवर कुणीच म्हणालं नव्हतं. चार महिने त्या त्या शिंगावर बसल्या. मध्ये पळणारं रानडुक्कर, त्यामागे दोन कुत्री, खाली नदीकाठच्या लव्हाळ्यात उभा बगळा. काठाला नक्षी घेतली ती रेल्वे क्वार्टरच्या गॅलरीतल्या लोखंडी कठड्याची, तीन पानं आणि एक वळलेला देठ. त्या कठड्याला टेकून त्यांच्या किती संध्याकाळी गेल्या होत्या! शेवटी अरुणराव म्हणाले, "जरा जुनाट रंग द्या, माझ्या सामानाशी जुळेल." दिलीपरावांनी स्वतः चहाच्या पाण्याचं पातेलं गॅसवर चढवून दिलं. कागदावर शकुनताईंनी लिहिलं: शिंग नवं, काम शकुन गद्रे.

दोन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, चैत्रालीने फोन पुढे केला. "आई, हे बघ ना, तुझा वाला डिझाईन!"

शहरातल्या एका खासगी संस्थेने जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. दुसऱ्या दिवशी शकुनताई एकट्याच गेल्या. काचेच्या पेटीत, मखमलीवर, त्यांचा बगळा उभा होता. खाली पाटी होती: बारुदाचं शिंग, अठरावं शतक, रहिमतपूरच्या सरदार बोकील घराण्याकडून.

अरुणरावांनी फसवलं, हे पहिल्या ओळीतच कळलं. राग आला, पण झेपेल असा. दुसरी ओळ त्यांनी पुन्हा वाचली. बोकील हे त्यांचं माहेरचं नाव. मंडळात त्या तीस वर्षं फक्त गद्रे वहिनी होत्या. रहिमतपूर, बोकील, हे कोलकात्यात एकाच माणसाला ठाऊक होतं.

घरी आल्यावर चपलाही न काढता त्यांनी विचारलं, "अहो, अरुण भावजींना माझं माहेरचं नाव कुणी सांगितलं?"

दिलीपरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "त्याला घराण्याचं काहीतरी नाव हवं होतं. तोंडात आलं ते सांगितलं."

"माझे आजोबा रहिमतपूरला टपाल वाटायचे."

"ते कोण बघायला जातंय? उलट तुझ्या माहेरचं नाव लागलं तिथे."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढून घडीवर ठेवला. मग म्हणाले, "तू कोरायला घेतलंस तेव्हापासून."

म्हणजे ते चार महिने. त्या रोज संध्याकाळी दिवसभराचं काम त्यांना दाखवायच्या. "बगळ्याची मान जमलीय का हो?" असं विचारायच्या. आणि ते चष्मा लावून, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "झकास!"

अरुणरावांना फोन लावला तर ते हसले. "वहिनी, तुमचं काम काचेत पोचलं, आणखी काय हवं?"

"मी कागद दिला होता."

"कुठला कागद?"

शकुनताईंनी वही, कच्ची चित्रं आणि कठड्याचे फोटो घेतले आणि संस्थेत गेल्या. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं, फोटो शिंगाशेजारी धरून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी पेटी रिकामी झाली. आत चिठ्ठी होती: वस्तू दुरुस्तीसाठी हलवली आहे. बाकी कुणी काही बोललं नाही.

बोलले ते अरुणराव. मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात त्यांनी चारचौघांत सांगितलं, की गद्रे वहिनींनीच हे शिंग माहेरचं पिढीजात म्हणून दिलं, मी भाबडेपणाने विश्वास ठेवला. आणि लोकांना ते पटलंही. बोकील हे नाव दुसरं कोण सांगणार?

मंडळाच्या शैलाताई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "शकुन, असं कशाला केलंस गं?"

शकुनताई नवऱ्याकडे वळल्या. ते दोन खुर्च्या पलीकडे बसले होते. "तुम्ही सांगा यांना. नाव कुणी दिलं ते सांगा."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. दिलीपरावांनी हातातल्या बशीकडे पाहिलं.

"जाऊ दे ना आता," ते म्हणाले. "सणाचा दिवस आहे."

शकुनताई उठल्या, पर्स घेतली आणि बस पकडून घरी आल्या. ते नंतर तासाभराने आले. त्यानंतर मंडळात त्या गेलेल्या नाहीत. दिलीपराव जातात. अरुणरावांशी बोलत नाहीत म्हणे, पण एकाच रांगेत बसतात.

काम मात्र चालू आहे. आता नक्षी करतात ती बाहेरच्या बाजूला नाव आणि साल कोरून. त्यामुळे हौशी लोक फारसे येत नाहीत. जुन्या पलटणीतल्या माणसांची एखाद-दोन घरं येतात, पणजोबांचं शिंग नीट करून घेतात, आणि त्यांना नाव कोरल्याचं काही वाटत नाही.

त्यांच्या कामावर लिहायचं म्हणून मी गेले तेव्हा त्या एका बुचाला कानस मारत होत्या. चैत्राली आदल्या दिवशी भांडून गेली होती. बाबांबरोबर तू अजून का राहतेस, असं तिने विचारलं होतं.

"काय सांगितलंत तिला?"

"एकसष्टाव्या वर्षी कुठे जाऊ?" त्यांनी बूच उजेडात धरून पाहिलं. "बोलते गं मी त्यांच्याशी. भाजी काय आणायची, गोळ्या घेतल्यात का. सगळं बोलते. फक्त काही दाखवत नाही."

आतल्या खोलीतून दिलीपरावांनी विचारलं, "शकुन, कोण आलंय?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कानस उचलली.