डॉर्कसचा आईचा रविवार

डॉर्कस बेडोजच्या लाँड्रीला वर्षातून एका दिवशी कुलूप असतं, आणि त्या दिवशी खुद्द जमीनदाराची बग्गी दारात उभी राहिली तरी ते उघडत नाही. ईस्टरआधीच्या उपासांतला तो मधला रविवार, आईचा रविवार. लडलो गावाच्या बाजूला नव्याने आलेले लोक म्हणतात, बाईला माज आलाय. माज कसला डोंबलाचा!

आईबाप तापात गेले तेव्हा डॉर्कस चार वर्षांची होती. आत्याने, मिसेस गॉफने, तिला घरी आणलं ते गावाने नावं ठेवू नयेत म्हणून. आत्याच्या मुली दिवाणखान्यात पियानो बडवायच्या आणि सख्खी भाची मागे भांडी घासायची. काही चुकलं की तिला कोळशाच्या खोलीत कोंडायचे. असल्या रक्ताच्या नात्यापेक्षा परके परवडले.

आईच्या रविवारी घरच्या मोलकरणींना सुट्टी. त्या केक आणि रानातली जांभळी फुलं घेऊन आपापल्या आईकडे जायच्या, आणि सगळ्यांचं काम डॉर्कसच्या अंगावर पडायचं. आईच नाही तिला सुट्टी कशाला? अकराव्या वर्षी मात्र पोरीने धीर केला आणि सगळ्यांसमोर सुट्टी मागितली. आत्या मुलींकडे बघून हसली.

“जा की. ज्या घरी तुला कुणी ‘माझी पोर’ म्हणेल, त्या घरी दर वर्षी जा. कुणीच तसं म्हटलं नाही, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

आत्याने मारला टोमणा, पण पोरीने तो शब्द धरला आणि बाहेर पडली. पण जायचं कुणाकडे? तिला एकच नाव सुचलं. दर सोमवारी धुणं धुवायला येणारी विधवा पेगी प्रीस. ही पेगी म्हणजे तोंडाची फाटकी. चादरी पिळायला डॉर्कसला हाताशी घ्यायची आणि दिवसभर करवादायची, हात आहेत की वाळक्या काटक्या म्हणून. पण हिवाळ्यात त्याच हातांना भेगा पडल्या तेव्हा बदकाची चरबी चोळली होती तीही तिनेच, शिव्या देत देत.

डॉर्कसने कुंपणाकडेची फुलं खुडली, पण दार वाजवायला हात धजेना. गल्लीत घिरट्या घालता घालता दुपार कलली. शेवटी दार वाजलं तेव्हा पेगी खेकसली, “धुणं उद्या ना गं?”

डॉर्कसने नुसती फुलं पुढे केली. पेगीचा एकुलता एक मुलगा जहाजावर गेला तो परतलाच नव्हता, आणि आईच्या रविवारी तिचं दार कितीतरी वर्षांत कुणी वाजवलं नव्हतं. तिने पोरीला आत ओढलं, गव्हाची खीर गरम केली, वाडगा संपेस्तोवर उठू दिलं नाही. पण ‘माझी पोर’ काही म्हणाली नाही. डॉर्कसनेही विचारलं नाही. मागून घेतलेल्या शब्दाला काय चव? रडत रडतच ती घरी परतली.

सोमवारी आत्या मुलींना घेऊन मुद्दाम धुण्याच्या खोलीत आली. मोलकरणीही तिथेच होत्या. म्हणालं का कुणी, असं आत्याने विचारलं. खोटं कसं बोलणार? डॉर्कसने मान खाली घातली. मला वाटलंच होतं, असं म्हणून आत्या वळली.

पेगी चादर पिळत होती. आत्याच्या अटीची तिला काही खबर नव्हती. मान वर न करता ती म्हणाली, “बाई, माझी पोर काल फार उशिरा आली. खीर पार गार झाली होती. पुढल्या वर्षी तिला सकाळीच सोडा.”

सगळ्यांदेखत दिलेला शब्द आत्याला गिळता येईना. पुढल्या वर्षी डॉर्कस उजाडताच निघाली. पुढे धुण्याइस्त्रीची कला तिने पेगीच्याच हाताखाली उचलली.

पेगी आता पार वाकली आहे. तरी त्या रविवारी सकाळपासून दारात उभी असते, आणि डॉर्कस वळणावर दिसली रे दिसली की उशीर केला म्हणून करवादते.