आत्या गेली आणि सात देश हळहळले

माझ्या सख्ख्या आत्याला मी मारलं, आणि ही बातमी आमच्या घरच्यांच्या आधी सात देशांतल्या शिक्षकांना कळली.

यात माझा हेतू वाईट नव्हता. मी फक्त गृहपाठ करत होतो.

त्या वर्षांत शाळेला वरून सारखे आदेश यायचे की अध्यापनात तंत्रज्ञानाचं एकात्मीकरण करा. आमच्या बऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत संगणक एक, तो कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापक चौधरी सरांच्या जानव्याला. महिन्यातून एकदा सर कपाट उघडायचे, शिपाई धूळ झटकायचा, की झालं एकात्मीकरण. मला हे काही पटेना. मी भूगोलाचा मास्तर. बावीस वर्षं नकाशावर छडी टेकवून मुलांना जग दाखवलं, पण स्वतः एका बाजूला खंडवा आणि दुसऱ्या बाजूला जळगाव, यापलीकडे गेलो नव्हतो. अशात माझ्या मुलीनं, रश्मीनं, तिच्या लॅपटॉपवर एक ऑनलाइन प्रशिक्षण शोधून काढलं. जगभरातले शिक्षक, दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोघांची जोडी, आणि दोघांनी मिळून एक पाठ तयार करायचा. मी अर्ज केला आणि चक्क निवडला गेलो!

मी मावा जिलेबी वाटली. त्याचा परिणाम असा झाला की दोन दिवस सगळ्या बुधवाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, बातमी होती, दिलीप सर मोरोक्कोला चालले. (एकानं तर तिकडून येताना खजूर आणायलाही सांगून ठेवलं.)

मोरोक्कोला जायचं नव्हतं, पण माझी जोडीदारीण तिथली होती. नादियाबाई. त्यांच्या गावाकडे डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून आणतात आणि वर रांगेनं विहिरी असतात. आमचा कुंडी भंडारा दुसरं काय आहे? सातपुड्यातून झिरपणारं पाणी, खाली बोगदा, वर कुंड्यांची रांग. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हजारो मैलांवर आमच्यासारख्याच विहिरी, आणि हे मला बावीस वर्षं ठाऊक नव्हतं! दोघांचा पाठ ठरला: जमिनीखालचं पाणी.

अडचण भाषेची होती. इंग्रजी मला वाचता येतं, पण लिहायला बसलं की घाम फुटतो. रश्मी म्हणाली, "पप्पा, टेन्शन मत लो. तुम्ही मराठीत लिहा, मशीन ट्रान्सलेट करून देईल." तसं सुरू झालं. मी मराठीत लिहायचो, यंत्र त्याचं इंग्रजी करायचं, तिकडून आलेल्या उत्तराचं पुन्हा मराठी करायचं. मी यंत्रावर डोळे झाकून विश्वास टाकला.

दुसरी अडचण होती ताराआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, दिली रावेरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली आणि पुढच्या खोलीत मुक्कामाला राहिली. नेमका लॅपटॉप त्याच खोलीत. डोळ्यावर पट्टी, त्यामुळे तिचे कान दुप्पट कामाला लागलेले. मी व्याख्यान ऐकायला बसलो की ती विचारायची, "तो कोन बोलून राहिला? त्याले सर्दी झाली का?" मी सांगायचो की फ्रान्सचे गुरुजी आहेत. मग फ्रान्सच्या गुरुजींना ओव्याची पुरचुंडी हुंगायचा सल्ला मिळायचा. माझा एक गृहपाठ राहिला, मग दुसरा राहिला. शेवटी मी आमच्या प्रशिक्षणाच्या गटावर लिहिलं की घरी आत्याचं ऑपरेशन आहे, उशिराबद्दल माफ करा. 'माझं कुटुंब' या आधीच्या गृहपाठात तिचा फोटोही मी लावलेला होता, त्यामुळे सगळे तिला ओळखत होते. लवकर बरं वाटो, असे सात देशांतून निरोप आले.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी तिला घरी जायची परवानगी दिली. मी तिला सकाळच्या गाडीत बसवलं, परत आलो, पंखा सुरू केला आणि मोठ्या उत्साहानं गटावर लिहिलं:

"आत्याचं ऑपरेशन छान झालं. आज सकाळी आत्या गेली. घर कसं शांत शांत झालं. आता मी अभ्यासाला मोकळा."

मराठीत माणूस रावेरला जातो तेव्हाही जातो आणि कायमचा जातो तेव्हाही जातो. आपल्याला ते सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं. यंत्राला माझं तोंड दिसत नव्हतं.

त्याच दुपारी तापीकाठी जोराचं वादळ झालं. आमची थोडी केळीची बाग आहे, ती माझा धाकटा भाऊ बघतो. मी दुसऱ्या दिवशी शेतात गेलो तर निम्मी बाग आडवी. हळहळत घरी आलो, लॅपटॉप उघडला, आणि बघतो तर निरोपांचा पाऊस. ब्राझील, फ्रान्स, जपान, सगळीकडून एकच मजकूर: "तुमच्या नुकसानाबद्दल आम्हाला अतिशय दुःख झाले आहे."

मी थक्क झालो. केळीबद्दल मी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. बायकोला, सुनंदाला, हाक मारून दाखवलं. तिनं विचारलं की यांना कसं कळलं? मी भूगोलाचा मास्तर, उत्तर माझ्याकडे तयार होतं. तिला सांगितलं की आता उपग्रहावरून वादळ घरबसल्या दिसतं, ही माणसं सारखं जगाकडे लक्ष ठेवून असतात. ती म्हणाली, "आपल्या तहसीलमधून अजून कोणी विचारलं नाही हो." आम्हा दोघांचेही डोळे पाणावले.

मग मी सविस्तर आभार मानले. काय लिहिलं ते आजही पाठ आहे, कारण पुढे ते मला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं.

"आपल्या सहानुभूतीबद्दल आभार. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणाची ना कोणाची जातेच. एकदा आडवी झाली की काही उपयोग नसतो. भावाने आज कापली आणि ढोरांना घातली. फार वाईट वाटून घेऊ नका. पावसाळ्यात नवीन आणू."

मग नादियाबाईंनी चाचरत विचारलं की ही तुमच्या घराण्याची जुनी पद्धत आहे का? मी अभिमानानं कळवलं, पिढ्यान्‌पिढ्या.

आता कुणाला वाटेल की त्या सात देशांत एकालाही शंका कशी आली नाही? त्यालाही कारण आहे. आमचा आदल्या आठवड्याचा पाठच होता 'दुसऱ्या संस्कृतीच्या चालीरीतींचा आदर'. त्यात ठासून सांगितलं होतं की एखादी प्रथा विचित्र वाटली तरी लगेच नावं ठेवू नयेत. सगळे शिक्षक, त्यामुळे सगळ्यांनी पाठ मन लावून केलेला. आमच्या गटप्रमुख मेरीबाई आयर्लंडच्या. त्यांनी लिहिलं, "आम्ही तुमच्या प्रथेचा पूर्ण आदर करतो." केळीच्या शेतीला इतका मान मिळाल्याचं मला फार कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, आमच्या जोडीचं अंतिम सादरीकरण होतं. त्यावर प्रमाणपत्र अवलंबून होतं, आणि खरं सांगायचं तर बुधवाऱ्यातली माझी इज्जतही. मी बेचाळीस स्लाइड तयार केल्या होत्या. चौधरी सरांना मुद्दाम बोलावलं होतं. शेजारपाजारची दहाबारा माणसं सतरंजीवर बसली होती. आणि डोळा दाखवायला पुन्हा आलेली ताराआत्या, काळा चष्मा लावून, माझ्या मागच्या खुर्चीत. लॅपटॉपला रश्मीनं कॉलेजातून मागून आणलेला प्रोजेक्टर जोडला होता, त्यामुळे सगळं भिंतीवर मोठं दिसत होतं. कॅमेरा मात्र तिनं अजून सुरू केला नव्हता. माझी पाळी आली की करू, म्हणाली.

मेरीबाई भिंतीवर आल्या. हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग सगळ्या चौकटींतले सगळे शिक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी माना खाली घातल्या.

चौधरी सरांची तीस वर्षं प्रार्थनेच्या मैदानावर गेलेली. कोणी उभं राहिलं की ते आपोआप उभे राहतात. ते उठले, म्हणून मी उठलो, म्हणून सतरंजी उठली. आत्याही काठी टेकत उठली. भिंतीवर एक फोटो आला, भोवती पांढरी फुलं, बाजूला पेटलेली मेणबत्ती. फोटो मला ओळखीचा वाटला. इतका ओळखीचा की तो मीच गटावर लावलेला होता.

त्या शांततेत आत्यानं मला विचारलं, "कोन गेलं रे, दिलीप?"

आत्याला लांबचं अजून स्पष्ट दिसत नव्हतं, म्हणून तिनं रश्मीला वाचायला सांगितलं. रश्मीनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "आजी, तुमचं नाव लिहिलंय."

आत्यानं क्षणभर विचार केला.

"मंग मी कायले उभी राहू?" असं म्हणून ती खाली बसली.

घाबरलेल्या रश्मीनं सगळं बंद करायला म्हणून बटण दाबलं, आणि नेमका कॅमेरा सुरू झाला. मोरोक्कोच्या चौकटीत नादियाबाईंनी मान वर केली. त्यांना मी दिसलो, आणि माझ्या मागे काळ्या चष्म्यातली दिवंगत ताराआत्या. त्यांनी जी किंकाळी फोडली तिला भाषांतराची गरज पडली नाही. जपानचे गुरुजी चौकटीतून दिसेनासे झाले. (खुर्चीवरून पडले होते. लागलं नाही.)

पुढची दहा मिनिटं रश्मीनं इंग्रजीत खुलासे केले. गाडी, रावेर, वादळ, केळी. पण मेरीबाई पक्क्या. त्यांनी माझे सगळे निरोप एकेक करून वाचले आणि प्रत्येकाचा अर्थ विचारला. रश्मी ते आमच्या माणसांना पुन्हा मराठीत सांगत होती. 'आडवी झाली' इथपर्यंत सतरंजीनं हसू आवरलं. 'ढोरांना घातली' आलं तेव्हा चौधरी सर तोंडाला रुमाल लावून अंगणात गेले आणि बराच वेळ तिथून घुसमटल्यासारखा आवाज येत राहिला.

मी आत्याकडे बघायचं टाळत होतो. ती फटकळ आहे, पण मनानं हळवी. आमच्या घरात आता मोठं असं तीच एक माणूस उरलेली. तिनं एवढंच विचारलं की ती ओरडली ती बाई कोण? रश्मीनं सांगितलं की नादियाबाई, आणि त्या म्हणतायत की तुमची बातमी कळली त्या दिवशी त्या रडल्या, वर्गातल्या मुलांनाही तुमचा फोटो दाखवला.

आत्या माझ्याकडे वळली. "सख्खा भाचा ढोराले घालते, अन्‌ परकी बाई रडते," ती म्हणाली. आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, ते चष्म्यामुळे कळलं नाही. मी तिथेच वाकून तिचे पाय धरले. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि खुर्ची पुढे घ्यायला सांगितली. तिला नादियाबाईंशी बोलायचं होतं.

मग माझ्या बेचाळीस स्लाइड बाजूला राहिल्या. पाठ कशावर आहे हे आत्यानं रश्मीकडून विचारून घेतलं, आणि तिची कळी खुलली. लहानपणी ती आईबरोबर कुंडी भंडाऱ्यावर जायची. कुंडीत वाकून हाक मारली की पाणी आपल्याच आवाजात उत्तर द्यायचं. दोर ओढून हाताला घट्टे पडायचे, आणि ते पाणी इतकं गोड की रावेरला सासरी गेल्यावर पहिले आठ दिवस ती तहानेनं नाही, त्या पाण्याच्या आठवणीनं रडली. नादियाबाई ऐकता ऐकता मध्येच बोलायला लागल्या. त्यांची आजीसुद्धा विहिरीत हाक मारायची! दोघी बोलत सुटल्या. रश्मीला भाषांतर करायला दम मिळेना. मी भूगोल शिकवत आलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला दोन देशांमधलं अंतर दिसेनासं झालेलं दिसलं.

आठ दिवसांनी निकाल आला. आम्ही पास! परीक्षकांनी माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली होती: "श्री. दिलीप यांनी स्लाइड दाखवल्या नाहीत, त्यामुळे पाठ परिणामकारक झाला."

सोबत पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचं निमंत्रण होतं. मी धावत जाऊन सुनंदाला दाखवलं. तिनं शांतपणे वरचं नाव वाचायला सांगितलं. ते आत्याच्या नावे होतं. खाली बारीक अक्षरांत सूचना होती की गरज वाटल्यास त्यांना सोबत एक मदतनीस आणता येईल.

मी दुसऱ्याच दिवशी रावेरला जाऊन तिच्याकडे रीतसर अर्ज दिला. विचार करून सांगते म्हणाली. अजून करतेय.