गोळाभात आणि माझ्या हातावरचा जंतू

आमच्या कॉलेजात सीनियरांना निरोप गोळाभातानं देतात. ज्युनियरांनी हरभऱ्याच्या डाळीचे गोळे हातानं वळायचे, भातावर वाफवायचे, वरून हिंगाचं कडकडीत तेल ओतायचं. पहिला गोळा वळायचा मान विभागप्रमुख सरांचा, बाकीचे त्या वर्षी माझ्याकडे होते. मी जाम गावची. आमच्या आईचा गोळा खाल्लेला ट्रकवाला नागपूरचा रस्ता विसरतो आणि जामलाच भाड्यानं खोली बघतो, असं मी वर्गात सांगून ठेवलं होतं. खोलीचं थोडं वाढवून सांगितलं होतं.

निरोपाच्या आधी प्रॅक्टिकल आलं, आपल्याच कातडीवरचा अनोळखी जंतू ओळखायचं. न धुतलेली बोटं जंतू वाढवायच्या आगरच्या थाळीवर टेकवायची, म्हणजे जंतूंना पंगतीला बसवायचं, आणि थाळी इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दोन दिवसांनी बाकी सगळ्यांच्या थाळीत पांढरे ठिपके उगवले. माझ्या थाळीत उगवले पिवळेजर्द, एका लग्नाच्या हळदीला पुरून उरतील इतके.

सरांनी थाळी उजेडात धरली. "हे पाहा. ऑरियस. ऑरियस म्हंजे सोनेरी. गळवं करते, अन्नात गेला तं इख सोडते, शिजवूनही जात नाई ते."

"सर, बाकीच्या टेस्ट?"

"रंगावरून कळते नं. काऊन मटेरियल नासवता?"

मी बाकावर परत येईपर्यंत माझ्या थाळीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर पोचला होता. टाकणारी होती निरोपाचा सगळा कारभार पाहणारी, कापडदुकानवाल्याची मुलगी. खाली लिहिलं होतं, गोळे दुसऱ्या कोणी वळावे.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"राग नको मानू वो," ती म्हणाली. "पण तुमच्या वस्तीत पाणी कसं राह्यते, काय माहीत."

"ओलं राह्यते," मी म्हटलं. "तुमच्याकडे कसं राह्यते?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. विहारामागच्या आमच्या नळाचं पाणी या पोरीनं कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं माझ्या डब्यातली भाजी मात्र बोटं चाटून खाल्ली होती. सरांकडे गेले, तर सर म्हणाले, "सावधगिरी म्हणून. तू खुर्च्या लावजो."

मला आला तो राग इन्क्युबेटरमध्ये ठेवला असता, तर काच फुटून जिल्हाभर साथ पसरली असती. मी सरांसमोर बसले आणि म्हटलं, टेस्ट अभ्यासक्रमात आहेत, मी करणार. नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती.

आधी रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ऑरियस द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. माझे जांभळे गोळे चार-चार करून बसलेले, जसे बाजेवर पत्ते कुटायला बसलेत. पेरॉक्साइड टाकलं तर फेस आला, पण तो ऑरियसलाही येतो आणि इतर कैक साध्या जंतूंनाही, त्यानं काही ठरत नाही. मग मिठाची गुलाबी थाळी. ऑरियस तिला पिवळी करतो. माझी गुलाबी ती गुलाबीच राहिली. शेवटी रक्तातल्या प्लाझ्माची नळी. ऑरियस असला की त्यात दह्यासारखी गुठळी बांधते. मी घटकेघटकेला नळी तिरपी करून पाहत होते. पाणी ते पाणीच.

म्हणजे मायक्रोकोकस. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा गरीब जंतू, फक्त रंगानं पिवळा. रंग पाहून गुन्हेगार ठरवला होता त्याला.

सरांनी नळी पाहिली. "बरं, नाई निघाला. झालं नं समाधान?"

"नाई सर. सोनेरीचं खरं घर नाक असते म्हणे. आता सगळ्यायची नाकं तपासू. सावधगिरी म्हणून."

सर मोठ्या मनाचे. 'भिता काय लेकहो' म्हणत पहिला कापसाचा बोळा त्यांनीच स्वतःच्या नाकात फिरवून दिला. त्यांच्या बोळ्यानं मिठाची थाळी फुललेल्या मोहरीच्या शेतासारखी पिवळी केली. त्यांच्या नळीत अशी गुठळी बांधली की नळी उलटी केली तरी हलेना. कापडदुकानवालीच्याही नळीत तीच गुठळी.

सरांनी चष्मा पुसला. "हे नॉर्मल आहे. निरोगी माणसाच्या नाकातही राह्यते तो. घाबरासारखं काई नाई."

त्यांच्या नाकात नॉर्मल. माझ्या हातावर असल्याचा नुसता संशय आला, तर वस्तीचं पाणी.

निरोपाच्या दिवशी मी खुर्च्या लावल्या नाहीत. बाह्या सारून परातीपाशी बसले, आणि मला ऊठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. सर आले, सगळ्यांनी मोबाइल वर केले, सरांनी पहिल्या गोळ्यासाठी हात पुढे केला. मी परात माझ्याकडे ओढली.

"काऊन?" सरांनी विचारलं.

"काई नाई सर. सावधगिरी म्हणून."

सर हात तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "धुवून येतो," आणि गेले. परत आले तोवर सगळे गोळे भातावर चढले होते.

कापडदुकानवालीनं दोनदा वाढून घेतलं. वर विचारलं, "हिंग कोणता टाकला वो?" मी सांगितलं नाही. ग्रुपवरचा माझ्या थाळीचा फोटो तिनं अजून काढून टाकलेला नाही.