पटावरची बत्तीस तोंडं

चहा संपेपर्यंत माझा एक पराक्रम ऐका. हसा बिनधास्त, मी आता रागवत नाही!

शाळेत पहिलावहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा मी घनसावंगीजवळच्या खेड्यात मास्तर होतो. बायको केदारखेड्याच्या शाळेत. जिल्हा एकच, पण गाठ पडायची महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस मी, स्टोव्ह आणि पिठलं. खोली खायला उठायची हो! बदलीचा अर्ज जिल्ह्याच्या शिक्षणखात्यात साहेबांच्या टेबलावर पडून होता.

तेवढ्यात साहेबांचं फर्मान आलं: प्रत्येक शाळेनं कॉम्प्युटरवर सादरीकरण करायचं. म्हटलं, साहेब खूश तर बदली पक्की!

रविवारी रिकाम्या शाळेत बसलो. 'आमची आनंदी शाळा' असं वर लिहिलं. तयार आकारांत एक हसरा गोल चेहरा सापडला. त्याच्या ओठांवर पिवळा ठिपका असतो. तो वर ओढला की हसू उलटं होऊन तोंड पडतं. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून म्हटलं, हा आपण. ओढला ठिपका. हुबेहूब मी!

पुढच्या रविवारी पटावरची बत्तीस पोरं काढायची होती. एकेक कोण काढत बसणार? तोच चेहरा कॉपी करून बत्तीस वेळा चिकटवला. प्रत्येकाला वेगळा रंग, जाड कडा, खाली नाव. तोंडाकडे लक्षच गेलं नाही. कसं जाईल? रोज आरशात बघून सवयीचं झालेलं!

सादरीकरणाला जिल्ह्याच्या सभागृहात भिंतीवर उमटलं 'आमची आनंदी शाळा', आणि खाली बत्तीस रडकी तोंडं!

साहेब उठले. "गुरुजी, हे काय? पोरं रडून राह्यलीत की!"

"साहेब, ते माझ्याकडून..."

"कळलं मला! तुमचा बदलीचा अर्ज आल्ता ना? पोरांना समजलं वाटतं!"

"न्हाई साहेब, बिलकुल न्हाई!"

"लाजू नका. गुरुजी जाणार म्हणून अख्खा पट रडतो! असा दुसरा मास्तर दाखवा मला!"

टाळ्यांचा कडकडाट! एका बाईंनी तर डोळ्याला पदर लावला. आता कोणत्या तोंडानं सांगू, की ती बत्तीस तोंडं माझीच आहेत? मी हात जोडून उभा राहिलो.

"मंग ठरलं," साहेब म्हणाले, "ह्या लेकरांना सोडून तुम्ही कुठं जायचं न्हाई. अर्ज आजच फाडतो!"

संध्याकाळी बायकोला फोन केला. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "पण तुम्ही गेला असता तर पोरं खरंच रडली असती का हो?"

मलाही वाटलं, असेल बुवा! तेवढाच आधार. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "पोरांनो, माझी बदली झाली तर?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

"मंग त्या दिवशी सुट्टी हाय का, गुरुजी?"

बत्तीसच्या बत्तीस चेहरे हसरे! एकाचाही ठिपका ओढावा लागला नाही.